जीवनचा डेमो

पावसाळ्यात अड्याळची राईस मिल बंद असायची, तेव्हा तिथे ‘बोडी’ वाजायचा. बोडी म्हणजे तिघांचा रॉक बँड. गिटारवर इश्वर, ड्रमवर प्रफुल्ल आणि गायला जीवन रामटेके. मिल इश्वरच्या मामाची. पत्र्याचं छत थरथरायचं, ड्रमवर कोंड्याची धूळ नाचायची, आणि रस्त्यावरची माणसं विचारायची, पोरं मशीन दुरुस्त करताहेत की मोडताहेत?

जीवनला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. थंडी बाधली की हाडं आतून ठणकायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्या दुखण्यावरच त्याने एक गाणं केलं होतं, घरात बोलतात त्याच बोलीत. ‘माह्या हाडाईत कोन चालून राहिलं’ असं ते सुरू व्हायचं आणि शेवटी शब्द संपून नुसती आरोळी उरायची. भंडाऱ्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते वाजवलं, तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली होती. कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं, पण त्यात आवाज फाटून निव्वळ खरखर आली.

प्रफुल्लला मात्र बाहेर पडायचं होतं. मोबाईलच्या दुकानात काचा बदलत म्हातारं व्हायची त्याला भीती वाटायची. त्यानेच नागपूरचा स्टुडिओवाला धनंजय शोधला. एका रेडिओवाल्याशी आपली ओळख आहे, डेमो त्याच्याकडे पाठवू, असं धनंजय सांगायचा. त्याने हाडांचं गाणं फोनवर अर्धंच ऐकलं आणि म्हणाला, हे सकाळी गाडी चालवताना कोण ऐकेल? हिंदी घ्या, प्रेमाचं घ्या. गिटार जोरात असू द्या, पण धून लगेच तोंडी बसली पाहिजे. नमुना म्हणून त्याने दोन-तीन गाजलेली गाणी पाठवली. इश्वरने त्यातल्याच सुरावटी थोड्या फिरवल्या, प्रफुल्लने शब्द जुळवले. तू, बारिश, अधूरा, असे.

जीवनने कागद वाचला आणि म्हणाला, “हे आपलं नाई वाटत, बे.”

“आधी आत तर घुसू,” प्रफुल्ल म्हणाला. “मंग तुह्यंच वाजवू.”

जीवनने मान डोलावली. त्याचा प्रफुल्लवर लहानपणापासूनचा विश्वास होता.

स्टुडिओत मशीनसाठी एसी बर्फासारखा लावलेला. जीवन स्वेटर घालून उभा राहिला. दुपारपर्यंत तो एका पायावर भार देऊन गायला लागला. प्रफुल्लने विचारलं तर म्हणाला, काही नाही. धनंजयने पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. आरोळी नको, गोड ठेव, असं सांगत राहिला. संपल्यावर जीवनने हळूच विचारलं, एकदा हाडांचं घेता येईल का? धनंजयने बाहेर खोळंबलेल्या पुढच्या लोकांकडे बोट दाखवलं. प्रफुल्ल म्हणाला, “पुढच्या खेपेला घेऊ.”

परतीच्या बसमध्ये जीवनला उभं राहता येईना की बसता. भंडाऱ्याला त्याला दवाखान्यातच उतरवावं लागलं.

तो तिथे असतानाच तयार गाणं आलं. ड्रम प्रफुल्लचे नव्हतेच, कॉम्प्युटरचे होते. जीवनचा आवाज घासून-पुसून गुळगुळीत केलेला. रेडिओवाल्याचा निरोपही त्याच दिवशी आला. चांगलं आहे, पण अशी गाणी आमच्याकडे खूप येतात. प्रफुल्लने निरोप लपवला आणि गाणं जीवनला ऐकवलं. नळीतून ऑक्सिजन घेत जीवनने ते पूर्ण ऐकलं.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “कोनाचं होय?”

तो थट्टा करतोय असं वाटून प्रफुल्ल हसला. जीवन हसला नाही. पुढे दुखणं छातीत गेलं आणि त्याचा आठवडाही निघाला नाही.

जीवनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, भंतेजी गेले, तेव्हा जीवनची आई, धुरपता, प्रफुल्लजवळ येऊन बसली. नागपूरला भरलेलं गाणं लाव म्हणाली. प्रफुल्लने लावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. संपल्यावर तिने वाट पाहिली.

“आता जीवनचं लाव ना, बाबू.”

प्रफुल्लने फोन तिच्यासमोर धरला. “मावशी, हे त्याचंच होय.”

तिने फोन हातात घेतला, कानाला लावला. गाणं पुन्हा वाजलं. दुसऱ्या कडव्याआधी तिने एकदम हात वर केला.

“थांब. मागं घे.”

त्याने मागे घेतलं. त्या जागी शब्द नव्हते. घेतलेला श्वास तेवढा होता, मधेच अडकून तुटलेला.

“येथी दुखून राहिलं होतं त्याले,” धुरपता म्हणाली. “रातभर असाच श्वास घेत राहे माह्याजवळ.”

प्रफुल्ल स्टुडिओत काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर बसला होता. त्याला ते ऐकू आलं नव्हतं. धनंजयलाही नाही, नाहीतर त्याने पुसलं असतं.

“एवढंच ठेवता येते का?” तिने विचारलं. “बाकीचं नको.”

त्याने तिथेच बसून तो तुकडा कापला आणि तिच्या फोनमध्ये टाकला. ती तो कानाशी धरून आत गेली.

गाणं अजून प्रफुल्लच्या फोनमध्ये आहे. इश्वर पुण्याला कंपनीत लागला. मिलमधले ड्रम मामाने एक दिवस बाहेर काढून ठेवले. धानाचा हंगाम सुरू झाला होता आणि पोती ठेवायला जागा हवी होती. प्रफुल्ल ते आणायला गेला नाही.