चौलची माडी

"दारू नाय गं आजी ही. जेवल्यावर घ्यायची गोड वाइन आहे. सरबतच समज," असं म्हणत अमिषाने नाशिकहून आणलेली निमुळती बाटली उघडली.

"आयेला कशाला त्या भानगडीत पाडतेस?" केतन लेकीवर खेकसला. त्याचे ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालत आणि ड्रायव्हर पिऊन आला की तो त्याला दारातूनच परत पाठवी. घरात बाटली त्याला खपत नसे.

जनीबाई मात्र काचेच्या पेल्यातल्या त्या मधाळ रंगाकडे बघत राहिल्या. सत्तरी ओलांडली, पण हळदीच्या मांडवातही त्यांना कधी कुणी घोट घेताना पाहिलं नव्हतं. आज काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेला उचलला.

आधी नुसता गोडवा लागला. मग जिभेच्या कडेला हलकासा आंबूसपणा आला, घशात ऊब उतरली. जनीबाईंनी डोळे मिटले आणि त्या एकदम हसू लागल्या.

"चढली की काय?" केतन घाबरला.

"अशीच लागली होती रे. माडी. चौलला."

"तू माडी प्यायलीस? कधी?"

"लग्नाच्या पयल्या वर्षी. दत्ताच्या जत्रेला नेलं होतं तुज्या बापसानं."

बाटली उचलायला गेलेला केतनचा हात जागच्या जागी थांबला. तो चार वर्षांचा असताना त्याचा बाप हिरामण काविळीने गेला होता. तेव्हापासून जनीबाईंनी मिठागरात पाट्या वाहून पोर वाढवलं, पण नवऱ्याचा विषय कधी काढला नाही. काढला तर आपण मोडून पडू, अशी त्यांना धास्ती होती. केतन लहानपणी विचारायचा. मग त्यानेही विचारणं सोडलं. त्याच्यासाठी बाप म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

"सकाळची येळ. थंडी अशी, की दात वाजत होते," जनीबाई सांगू लागल्या. "वाडीत एक भंडारी माडावरनं उतरला. तुजा बापूस म्हनला, ताजी हाय, गोड हाय, घे. मी घेतली. एक गलास, मग दुसरा. परत येताना रेवसला लाँचीत बसलो आनि मना हसू आवरंना! मानसं वळून बघतात, हा माज्या तोंडावर पदर धरतोय, आनि सोताच हसतोय."

"मग?"

"घरी सासूला वास आला. त्यानं सांगितलं, मी प्यालो, हिच्या लुगड्यावर सांडली. आईच्या शिव्या खाल्ल्या आनि माज्याकडं बघून डोळा मारला."

अमिषा खो खो हसत होती. केतन हसला नाही. त्याने खुर्ची आईजवळ ओढली.

"आये, आवाज कसा होता गं त्यांचा?"

जनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या मोडल्या नाहीत. "जाड. लांबून हाक मारली तरी मिठागराच्या या टोकाला ऐकू यायची. गानी म्हनायचा, पन सूर म्हनशील तर एक धड न्हाय."

केतनचा फोन वाजला. बंदराच्या गेटवर ट्रेलर अडकला होता. "ऑफिसातल्या विनेशला सांगा, तो बघेल," एवढं बोलून त्याने फोन पालथा ठेवला.

"कुठली गानी?" त्याने विचारलं.

जनीबाईंनी पदराने तोंड पुसलं, जरा आठवून पाहिलं आणि बेसुऱ्या आवाजात पहिली ओळ धरली.