पाहुण्यांसाठी राखलेला मांडव

मी एक जुनी द्राक्षवेल आहे. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की वळसंग येते. त्या वळसंगच्या शिवारात, एका विहिरीच्या काठाला, दगडी खांबाला टेकून मी उभी आहे. खांब उभा आहे म्हणून मी उभी आहे, एवढेच. मित्रांनो, तुम्ही लांबून पाहिलेत तर मला सरपण म्हणाल. म्हणा खुशाल. गावात सगळे तेच म्हणतात, आणि खरे सांगायचे तर आता मलाही तसेच वाटू लागले आहे.

पण जन्मापासून काही मी अशी नव्हते. महादेवप्पाने मला बार्शीकडून आणले, ओल्या पोत्यात गुंडाळून. तेव्हा मी वीतभर काडी होते. माझ्यासारख्या पुष्कळ काड्या त्या पोत्यात होत्या आणि सगळ्यांच्याच जिवात धाकधूक होती. गावाला मात्र करमणूक झाली. "ज्वारीच्या रानात कुटं द्राक्षं येत असत्यात व्हय?" असे म्हणत लोक बांधावर उभे राहून हसत. महादेवप्पा मितभाषी माणूस. तो हसणाऱ्यांकडे पाठ करून खड्डे खणत राहिला. मला मातीत लावले ते त्याच्या बायकोने, दानम्माने. तेव्हा विहिरीवर इंजिन बसले नव्हते. तिने डोक्यावरून घागरी आणून आम्हाला जगवले. मी मुळे धरली ती त्या बाईच्या कष्टांवर, हे मी कधी विसरले नाही.

मग दगडी खांब उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या, मांडव झाला आणि आम्ही त्यावर चढलो. पहिला बहर आला तेव्हा हसणारे तेच लोक पोराबाळांना घेऊन बाग बघायला येऊ लागले. त्या घरची एक रीत होती. पहिला घड घरातल्या कुणी तोंडात घालायचा नाही, तो मठातल्या स्वामींकडे जायचा. त्या वर्षी तो घड माझा होता! दानम्माने तो पदराखाली झाकून नेला, नजर लागू नये म्हणून. त्या दिवसासारखी मी पुन्हा कधी मिरवले नाही.

मित्रांनो, आता तुम्हाला आमच्या जातीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. आम्हाला वर्षातून दोनदा कापावे लागते. माल उतरला, की चैत्रात पहिली छाटणी. तिला खरड छाटणी म्हणतात, आणि ती नावासारखीच असते. अंगावर पान म्हणून ठेवत नाहीत. दुखते, पण त्यानंतर उन्हात जी कोवळी काडी फुटते, तिच्या पेरांवरच्या डोळ्यांत पुढच्या सालचा घड गुपचूप बसतो. दसऱ्याच्या सुमारास दुसरी छाटणी झाली, की तो बाहेर येतो. म्हणून बागवाले म्हणतात, चैत चुकला की दसरा चुकला. महादेवप्पाला हे पाठ होते. कधी नव्हे तो बोलायला लागला, तर हेच बोलायचा.

बाग फळत होती, पण माल खपवणे जिवावर येई. मुंबईला रेल्वेने पेट्या जायच्या आणि निम्मी द्राक्षे वाटेतच नासायची. दरवर्षी हीच रड. एके रात्री जेवताना महादेवप्पा दानम्माला म्हणाला, "कायमचा घेणारा भेटला तर बाग ऱ्हाईल. न्हायतर मांडव मोडायचा आन् ज्वारी पेरायची." दुसऱ्या दिवशी सकाळी दानम्मा बागेत आली आणि एकेका खोडावरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली.

महादेवप्पाचा धाकटा भाऊ बसवराज मुंबईत एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होता. सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, तो घरी आला तो डोक्यात एक कल्पना घेऊन.

"अण्णा, परदेशात लोक सुट्टीत द्राक्षाच्या बागा बघायला जातात. मालक त्यांना हिंडवून सगळं दाखवतो आणि मग वाईन चाखायला देतो. आमच्या हॉटेलात एक साहेब येतात, त्यांना वाईनचा कारखाना काढायचा हाय. मे महिन्याच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन येतो म्हणालेत. बाग पसंत पडली, तर सगळा माल कायमचा तेच नेतील बघ."

"मे महिन्यात?" महादेवप्पा चमकलाच. "आरं, तवा मांडवावर काय असतंय? नुसती खोडं."

"मग या साली जरा थांबायचं की! मांडव हिरवा दिसाय पायजे, घड लोंबाय पायजेत. बोडकी बाग बघायला कोण येतंय मुंबईवरनं?"

शेवटी महादेवप्पा म्हणाला, "बरं." मित्रांनो, त्या एका शब्दावर आमचे सगळे पुढचे आयुष्य ठरले.

वाईनचा प्रश्न दानम्माकडे आला. तिने कानांवर हात ठेवले. "वाईन म्हंजी दारूच की रं! आपल्या गळ्यात लिंग हाय. आपल्या घरात दारू?"

"वैनी, तुमी बाळंतिणीला द्राक्षासव करता का न्हाय? त्यातला गूळ आन् मसाला काढा. झाली वाईन!"

दिराचे बोलणे तिला पटले असे नाही. पण बाग राहायची होती. तिने द्राक्षे कुस्करून मोठ्या चिनी मातीच्या बरणीत भरली, तोंडाला फडके बांधले आणि बरणी ज्वारीच्या कणगीत पुरली. रोज तिथे हात जोडून यायची. बरणी तयार झाली की नाही हे कळायला थेंबभर चाखून बघावे लागते. आता चाखणार कोण? महादेवप्पाने जन्मात तसले काही ओठाला लावले नव्हते. बसवराज मुंबईत. दानम्माने नुसता वास घेतला, नाक मुरडले आणि दारूचा वास असाच असेल म्हणून फडके पुन्हा बांधले.

चैत्र आला. आजूबाजूच्या सगळ्या बागांत कात्र्या वाजू लागल्या. शेजारच्या बागेचा सिद्धप्पा बांधावरून ओरडला, "महादेवप्पा, कात्रीला गंज चढला का काय?"

"पाव्हणं येणार हायती. येऊन गेलं की लावतो कात्री."

"आरं, पाव्हणं काय, आज येतील, उद्या येतील. चैत थांबतोय व्हय?"

महादेवप्पाने पुढच्या रांगांवरचे घड उतरवले नव्हते. पाखरे हाकलायला माणूस ठेवला होता आणि विहिरीचे पाणी सोडणे चालू होते. मी मात्र आतून कासावीस झाले होते. पाने चामड्यासारखी राठ झाली, घड सुकून सुरकुतले, गांधीलमाशा घोंघावू लागल्या. मला कापून घ्यायचे होते हो! कापण्याची भीक मागणारी वेल तुम्ही ऐकली आहे का? मी ती आहे. पण आम्हाला वाचा नाही, आणि बसवराजाचा निरोप आला, की साहेबांची सुट्टी पुढे गेली, आणखी थोडे थांबा. महादेवप्पा थांबला.

पाहुणे आले ते मे सरताना, रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर. आभाळात ढग जमायला लागले होते. जीप माझ्याशेजारी विहिरीपाशी थांबली. साहेब, त्यांच्या बाई, मेहुणी आणि मुले. बसवराज पुढे होऊन सगळे दाखवत होता. हा मांडव, ही तार, ही बिनबियांची जात. महादेवप्पा नवा रुमाल बांधून, हात जोडून मागे मागे चालला होता. मुले घड ओरबाडून खात होती. साहेबांनी माझ्याखाली उभे राहून फोटो काढून घेतला.

बाईंनी महादेवप्पाला विचारले, "इथे येताना बाकीच्या बागा सगळ्या उघड्या दिसल्या. तुमचीच कशी हिरवी?"

"त्यांनी छाटल्या की. आमी ठेवली जरा. तुमी येणार म्हणून."

"अय्या, आमच्यासाठी?" बाईंना फार आनंद झाला. त्यांनी साहेबांना हाक मारून सांगितले, "ऐकलं का, आपल्यासाठी ठेवली म्हणे बाग!" साहेबांनीही कौतुकाने मान डोलावली. महादेवप्पा हसला. त्या दिवसात तो तेवढा एकदाच हसला.

मग मांडवाखाली घोंगडी अंथरली. पितळेच्या फुलपात्रांतून वाईन आली. दानम्मा डोक्यावर पदर घेऊन एका खांबाआड उभी राहिली. तिने खांब घट्ट धरला होता. साहेबांनी फुलपात्र उचलले, हुंगले, एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा आवळून आला. मेहुणीने तोंडातले बाजूला थुंकले आणि हसत सुटली. "अहो, वाईन कसली? आंबट शिरका झालाय हा! कोशिंबिरीत घाला." सगळे हसले. बसवराजाचे तोंड काळेठिक्कर पडले. साहेब भला माणूस, त्यांनी विषय बदलला. घरात जाऊन हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर खाल्ली, शेंगांची चटणी मागून घेतली, दानम्माच्या हाताची तारीफ केली. पण खांबाआडची दानम्मा ते हसणे ऐकून जी पांढरी पडली, ती पडलीच.

निघताना साहेबांनी जीपपाशी बसवराजाला बाजूला घेतले. तिथे आम्ही तिघेच होतो, ते दोघे आणि मी.

"बरणीचं मनाला लावून घेऊ नका. ती चांगली उतरली असती तरी उत्तर हेच होतं. ही द्राक्षं खायची आहेत, फार गोड आहेत. वाईनला जात वेगळी लागते. हे मी आधीच विचारायला हवं होतं. पण मुलांची सहल मात्र छान झाली."

जीप गेली. बसवराजानेही त्याच रात्रीची गाडी धरली, आणि साहेबांचे बोलणे त्याने घरात कुणालाच सांगितले नाही. शरमेने असेल. दानम्माच्या मनाने घेतले, की आपल्या बरणीने घात केला. ती आजही तेच धरून बसली आहे. खरे काय ते मला ठाऊक आहे आणि ते तिला सांगायला मला तोंड नाही. याहून मोठे दुःख मला या जन्मात झाले नाही.

महादेवप्पाने दुसऱ्याच दिवशी कात्री लावली. पण ऊन सरले होते. नवी काडी फुटली ती ढगाळ हवेत, फिकी आणि लांबडी. पावसात पानांवर रोग पडला. दसऱ्याला दुसरी छाटणी झाली. कोंब फुटले. महादेवप्पा रोज सकाळी येऊन एकेक कोंब बोटाने उचलून बघायचा. घड नव्हता. पुढच्या कोंबालाही नव्हता. नुसती पाने आणि वाऱ्यावर हलणारे तणावे. त्याने सगळी बाग अशी पाहिली आणि मग बांधावर जाऊन बसला.

"माज्या बरणीनं नाट लावला वो," दानम्मा रडत म्हणाली.

"बरणीचं काय न्हाय गं. मीच चैत चुकवला."

तिला ते खरे वाटले नाही. नवरा आपले मन राखतो आहे, असेच तिने धरले.

त्यानंतरचे साल बहात्तरचे. त्या दुष्काळाविषयी तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकले असेल. विहिरीने तळ गाठला. जे पाणी उरले ते बागेला घालायचे की जनावरांना, असा प्रश्न आला. दानम्मा बागेसाठी नवऱ्यापुढे पदर पसरून उभी राहिली. महादेवप्पाचा आवाज तेव्हा मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मागल्या साली एक घड दिला असता, तर मी ऱ्हायलो असतो तहानलेला! वांझ मांडवाला पाणी घालून बैलं मारू का?" आणि मग तो स्वतःच रुमालाने डोळे पुसू लागला. मला त्याचा राग आला नाही. फळ न देणाऱ्या वेलीने काय म्हणून पाणी मागावे?

तारा गुंडाळल्या गेल्या. खांब लोकांनी गोठ्यांसाठी नेले. माझ्या बहिणी मुळांसकट उपटून चुलीत गेल्या. मी राहिले, कारण माझा खांब विहिरीच्या धुण्याच्या दगडाला लागून होता आणि दानम्मा भांडी मुद्दाम इथे येऊन घासायची. राखेचे, खरकटे पाणी माझ्या मुळाशी पडायचे. त्यावर मी कशीबशी हिरवी राहिले. पाणी ओतताना ती मला आई म्हणत दरवेळी पुटपुटायची, "चुकलं माझं, यव्वा." काय चुकले होते तिचे?

आता घरात नळ आला आहे. दानम्माचे गुडघे धरले आहेत, ती इकडे येत नाही. महादेवप्पा ज्वारीच्या रानात जाताना रोज माझ्यावरून जातो आणि नजर दुसरीकडे ठेवतो. या उन्हाळ्यात माझी साल सुटू लागली आहे. पावसापर्यंत मी टिकेन असे मला वाटत नाही, आणि टिकून तरी काय करायचे?

तेव्हा मित्रांनो, माझे मागणे माझ्यासाठी नाही. तुम्हीही कधी सुट्टीत कुणाची बाग बघायला जाल. जरूर जा. मालक हौसेने हिंडवेल, हातावर द्राक्षाचे चार मणी ठेवेल. ते तोंडात घालण्याआधी त्याला एवढेच विचारा, "आजूबाजूला सगळ्यांनी बागा छाटल्या, तुम्ही का नाही छाटली?" आणि तो जर म्हणाला, "तुमच्यासाठी ठेवली की," तर खूश होऊ नका. त्याचे पाय धरा, आम्हाला काही बघायचे नाही म्हणा, आणि तो कात्री हातात घेईपर्यंत तिथून हलू नका.