आमच्याकडे कुणी खोकत नाही

कारखान्याच्या वसाहतीत बायकांचा दिवस फडक्यापासून सुरू होतो. आधी खिडकीची कड पुसायची, मग पाण्याच्या भांड्यावरचं झाकण, मग मुलाची उशी झटकायची, आणि त्यानंतर चहाचं आधण. पिळून वाळत घातलेलं फडकं दुपारपर्यंत पुन्हा काळं होतं. जुने टायर भट्टीत घालून त्यांचं तेल काढतात तिथं. ‘काजळी आमच्याकडे बिनभाड्यानं राहते,’ असं बायका हसत सांगतात. त्या हसतात याचाच राग येतो मला. पण रडून तरी काय हाती लागणार होतं त्यांच्या?

त्या दिवशी भट्टीवर पाळी करणाऱ्या एका कामगाराच्या, भट्टीवाल्याच्या, बायकोनं पुसापुशी घाईनंच आवरली. एरवी ती सकाळीच शिलाई मशीनवर बसे, लोकांचे अभ्रे शिवून देई. आज मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नव्हतं. कंपनीचे डॉक्टर मुलांना तपासायला येणार होते, आणि तिची ठमी उठल्यापासून खोकत होती.

“बाबा, तुमच्या मिशीला काजळ लागलंय! नवरी दिसताय अगदी,” ठमी पाळी संपवून आलेल्या बापाला म्हणाली. हसता हसताच तिला उबळ आली. खाटेची कड धरून ती वाकली, डोळ्यांतून पाणी आलं. बापानं तिची पाठ चोळली आणि बायकोकडे न बघता विचारलं, “दिलंस का?”

“देते.”

काय द्यायचं, हे त्या वसाहतीत कुणाला विचारावं लागत नसे. तिथं तशी रीतच पडली होती. तपासणीच्या सकाळी आया मुलांना खोकला दाबणारं, गुंगी आणणारं औषध पाजत. डॉक्टरांसमोर मूल गप्प राही. कारण ज्या घरचं मूल खोकताना सापडे, त्या बापाला मोठे साहेब बोलावून साखर पेरल्यासारखं सांगत, “तुमच्या लेकराला इथली हवा मानवत नाही हो. दुसरीकडे बघा काहीतरी.” नोकरी गेली की खोलीही गेली. आधी ही नुसती भीती होती. मग तिची लाज झाली, आणि लाजेचा हळूहळू मोठेपणा झाला. ‘आमच्याकडे कुणी खोकत नाही,’ असं बायका नळावर मान ताठ करून सांगू लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे! अहो, मुठीत काय धरलंय ते तरी बघा. लेकराचा गळा आहे तो!

ठमीच्या आईनं बाटलीचं झाकण उघडलं तेवढ्यात कंडक्टर मावशी दारात उभी राहिली. बसवर तिकिटं देणारी ही बाई रस्त्यापलीकडे राहायची. तिच्या मुलाला दमा होता. तिनं पलीकडच्या आईबापांना गोळा करून धुराविरुद्ध अर्ज केले होते, फलक धरून उन्हात उभी राहिली होती, आणि साहेबांच्या पहारेकऱ्यांनी तिला दोनदा हाकलूनही दिलं होतं.

“वहिनी, एकच मागते. आज तेवढं औषध देऊ नका. खोकू दे तिला.”

“काहीतरीच काय!”

“ऐका तरी. दुसरी भट्टी बांधायचीय त्यांना. पुढच्या आठवड्यात सरकारी सुनावणी आहे त्याची. ही तपासणी पुढं करून ते सांगणार, भट्टीच्या सावलीतली पोरंसुद्धा ठणठणीत आहेत. मग आम्ही लांबचे कितीही बोंबललो तरी कोण ऐकणार?”

“तुमचं काय जातंय बोलायला, मावशी? तुमची नोकरी बसवर. पोटावर पाय येईल तो आमच्या.”

“येईल,” मावशी म्हणाली. “खोटं कशाला सांगू? येईलच. पण हे पोट भरायचं ते कुणासाठी हो? हिच्यासाठीच ना?”

भट्टीवाला उठला. “मावशी, पुढे सरका आता. दिवसभर तुम्हीच म्हणता ना लोकांना?”

मावशीला हसू आलं नाही. ती गेली. चमचा हातात धरून आई उभीच राहिली. बाप वाईट नव्हता हो. तो म्हणाला, “दे गं. एवढा दिवस निघू दे. मग मी साहेबांकडे बदलीचं बोलतो. लांबच्या गोदामावर घेतील.” आईनं एक चमचा दिला. खोकला थांबेना, म्हणून दुसरा दिला. तपासणीच्या रांगेची वेळ झाली तरी छाती वाजतच होती, म्हणून आणखी एक.

“आई, यानं झोप येते मला.”

“येऊ दे, राणी.”

सभागृहात मुलं भिंतीला टेकून बसली होती आणि झाडून सगळी पेंगत होती. एवढी मुलं भर सकाळी एकाच वेळी का पेंगतात, हे त्या शिकलेल्या डॉक्टरांना विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी ठमीच्या छातीला नळी लावली न लावली, “खोकला?” म्हणून विचारलं, आणि पुढच्या मुलाकडे बघायलाही लागले.

“छे हो!” आई म्हणाली. “आमच्याकडे कुणी खोकत नाही.”

“शाब्बास.”

घरी आल्यावर ठमी झोपली. आईनं मशीन उघडलं. जीव भांड्यात पडला होता तिचा. बऱ्याच दिवसांनी घरात खोकला ऐकू येत नव्हता. ती गुणगुणतसुद्धा होती. मशीनचा दोरा तुटला म्हणून ती थांबली, तेव्हा तिला भलताच आवाज ऐकू आला, बारीक, शिट्टीसारखा. ठमीच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठ निळे पडले होते.

बाप लेकीला खांद्यावर टाकून रस्त्यावर धावला. समोरून बस आली, तिच्या दारात मावशी होती. तिनं काही विचारलं नाही. घंटा वाजवली, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “थेट दवाखान्यात घे, मधे कुठं थांबू नको!” कुरकुरणाऱ्या एका प्रवाशाला ती म्हणाली, “तुमचं ऑफिस पळून जाणार नाही, साहेब.”

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या नाकाला नळी लावता लावता भराभर विचारलं, “दमा आहे का आधीपासून? खोकला? आज काही औषध दिलंय?”

आणि बघा, सवय काय चीज असते! लेक डोळ्यांदेखत गुदमरत होती, आणि बाप म्हणाला, “नाही हो. कधीच खोकत नाही ती.” आईनं मान हलवली. डॉक्टरीणबाई परिचारिकेला म्हणाल्या, “मग घशात काही अडकलंय का बघू.” त्या बघत राहिल्या. मोलाचा वेळ त्यात गेला.

“खोटं आहे!” आई एकदम किंचाळली. “खोकते ती! चालायला लागली तेव्हापासून खोकते! मी औषध पाजलं तिला, एकावर एक पाजलं!”

“अहो, मग आधी का नाही सांगितलंत?”

डॉक्टरांनी शर्थ केली. दिवेलागणीला ठमी गेली.

कंपनीनं बापाला पुढच्या पाळीची सुट्टी दिली आणि एक हार पाठवला. आईनं तो दारातूनच परत केला. रस्त्यापलीकडच्या आईबापांनी सुनावणी पुढं ढकला म्हणून विनवलं. ती ठरल्या दिवशीच झाली. पुढच्या रांगांत कामगार गणवेशात बसवले होते, त्यांच्या मागे बायका, मांडीवर औषधानं पेंगणारी मुलं. मोठे साहेब व्यासपीठावरून म्हणाले, “आमच्या वसाहतीत आज एकही मूल आजारी नाही.”

भट्टीवाल्याची बायको उभी राहिली.

“साहेब खरं बोलतात,” ती म्हणाली. “माझी आता आजारी नाही. माझी गेली.”

तिनं सगळं सांगितलं, चमच्यांसकट. मागून एका बाईनं दबक्या आवाजात म्हटलं, “गप बस गं, सगळ्यांच्या घरांचं वाटोळं करशील.” ती गप्प बसली नाही. “तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय आपल्याला,” ती त्या बाईकडे वळून म्हणाली. “पण तोंड पोरांचं दाबलं आपण. तुझ्याही पिशवीत ती बाटली आहे. आहे की नाही, सांग.”

भट्टीवाला गणवेशातच उठला. “दे म्हणून मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. तसाच उभा राहिला.

“आम्हालाही दुःख आहे,” साहेब म्हणाले. “पण डॉक्टरांच्या तपासणीत ती मुलगी निरोगीच होती.”

सुनावणी घेणारे अधिकारी चष्मा पुसत होते. “बाई, एका घरावरून मला काही ठरवता येत नाही,” ते म्हणाले. “वसाहतीतलं आणखी कुणी बोलणार आहे का?”

कंडक्टर मावशी उठायला गेली आणि खाली बसली. ती वसाहतीतली नव्हती. कामगार बुटांकडे बघत होते. बायकांनी मुलांना छातीशी आवळलं होतं. अधिकाऱ्यांनी वाट बघितली, मग समोरचे कागद गोळा करायला घेतले.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक मूल खोकलं. सकाळच्या औषधाचा अंमल उतरला असावा. त्याच्या आईचा तळवा सवयीनं त्याच्या तोंडावर गेला. मूल तळव्याखाली धडपडलं, पाय झाडू लागलं, पण ती हात काढीना. सगळे वळून तिच्याकडे बघत होते. तिचा नवरा पुढच्या रांगेतून डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

तिनं हात काढला. मुलाला कडेवर घेऊन ती उभी राहिली, आणि त्याची उबळ संपेपर्यंत काही बोललीच नाही.

“हा माझा,” मग ती अधिकाऱ्यांना म्हणाली. “रोज खोकतो. लिहून घ्या, साहेब.”