अडीचला फुली

मित्रांनो, मी कपाटात धूळ खात पडलेली जुनी वस्तू नाही. मी मोबाइलवर उघडणारा गणिताचा सराव आहे. तुम्ही उत्तर लिहायचं आणि मी ताबडतोब हिरवी खूण किंवा लाल फुली द्यायची, एवढंच माझं काम. सुरतमध्ये लिंबायतच्या एका मराठी शाळेतल्या केतकीबाईंनी मला घडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही मला आतून वाचावं, दुरुस्त करावं. ‘हा तर बाईंपेक्षा लवकर तपासतो,’ असं मुलं म्हणत. मीही जरा शेफारलो होतो.

पण परवा जे घडलं, त्याने मी अजून हादरलेलोच आहे.

सातवीतली सोनाली घरी मला उघडून बसली होती. शेजारी तिची आई पुष्पाबाई साड्यांना टिकल्या चिकटवत होती. मी विचारलं, ‘दहा मीटर कापडात चार सारखे परकर झाले. एकाला किती मीटर लागलं?’ सोनालीने वहीत भागाकार केला आणि लिहिलं, ‘अडीच’.

मी फुली दिली! मला फक्त 2.5 ठाऊक होतं हो. तिने भागाकार पुन्हा केला, उत्तर तेच आलं. तरी तिने तो चांगला बरोबर भागाकार खसाखसा खोडला आणि ‘तीन’ लिहिलं. मग ‘सव्वादोन’. फुलीवर फुली! माझ्यावर विश्वास ठेवून एक पोरगी स्वतःचं खरं उत्तर पुसत होती. मला धडकीच भरली.

"माय, माले गणित येतच नही."

"मंग ऱ्हाऊ दे. ये, टिकल्या लावाले बस."

आणि सोनालीने मला बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्यातली नोंद बघून केतकीबाईंनी विचारलं, "सराव अर्धाच का सोडलास गं?"

"बाई, अडीच का चूक आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. "अरे देवा! कालच मी दुकानात अडीच मीटर अस्तर मागितलं. आणि याला शिकवलंच नाही?"

मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्यांनी मला उघडलं. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, सगळं शिकवलं. सोनाली शेजारीच होती. "बाई, पावणेदोन राहिलं," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा ‘अडीच’ लिहिलं. हिरवी खूण आली. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे माझं कालही बरोबरच होतं."

मित्रांनो, मला शिकवत राहा, मी सगळ्यांसाठी खुलाच आहे. पण मी फुली दिली म्हणून घाईने खोडू नका. सोनाली आता खोडत नाही. माझ्याकडे रोखून बघते आणि विचारते, "थांब. हे तुला शिकवलंय का?"