पाठ नसलेला बाक

चर्चमध्ये भर उपासनेत बाबा उठले तेव्हा मला वाटलं, लघवीला चालले असतील. या वयात व्हायचंच. पण ते बाजूच्या दाराकडे वळलेच नाहीत. पंचांच्या खुर्चीवरून उतरले, रविवारचा काळा कोट सावरत मधल्या वाटेनं सरळ मागे गेले आणि शेवटच्या बाकावर, धाकटीच्या शेजारी, जाऊन बसले.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची बोटं जागच्या जागी थांबली.

तो बाक काय आहे ते सांगायला हवं. आमच्या चर्चच्या मंडळीत ज्याच्या हातून देवाची आज्ञा मोडली, त्यानं त्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं, ताट त्याच्या अलीकडच्या रांगेपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायची, मग ज्येष्ठ पंच सांगतील तेव्हा उठायचं. बाबा सुतार. बाक त्यांनीच बनवला, आणि मुद्दाम पाठ लावली नाही. टेकायला मिळालं की माणसाला पश्चात्ताप होत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्येष्ठ पंचही तेच. बायबलमधल्या देवाच्या दहा आज्ञांवरून लोक त्यांना मागून ‘दहा आज्ञा’ म्हणायचे. ‘दहा आज्ञा आल्या’ असं कुणी कुजबुजलं की भलेभले तोंडातलं च्युइंगम गिळून टाकायचे.

धाकटी म्हणजे माझी बहीण. बाबांनी बघून दिलेला नवरा सोडून ती एका स्कूटर मेकॅनिकबरोबर राहायला लागली. लग्न मागाहून केलं, तेही कचेरीत जाऊन. बाबांनी तिला बाकावर बसवलं. “उभी राहा, चुकले म्हण, आणि ये पुढे,” एवढंच त्यांचं मागणं. ती म्हणाली, “माझं देवाशी बोलणं झालंय. लोकांपुढे तमाशा नाही करायची मी.” दुसरी कुणी असती तर चर्चचं तोंड पाहिलं नसतं. ही बया दर रविवारी यायची आणि त्या बिनपाठीच्या बाकावर ताठ बसायची. हट्टाच्या बाबतीत बापलेक एकाच लाकडाचे.

मी थोरली, शहाणी. प्रभुभोजनाची न आंबवलेली, बेखमीर भाकर मीच करते. मला कधी कुणी मागे बसवलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. होताच.

आई नुकतीच गेली होती. शेवटी शेवटी तिनं एकच धोशा लावला होता, “धाकटी ताटाशी आली का गं?” इस्पितळात नर्सलासुद्धा विचारायची. मग एका संध्याकाळी बाबांनी मला खोलीबाहेर पाठवलं. मी परत आत गेले तर आई शांत पडली होती, चेहरा निवलेला. पहाटे ती झोपेतच गेली. बाबांच्या प्रार्थनेनं तिला शांती मिळाली, असं मी घरोघर सांगितलं. दफनाच्या वेळी माती लोटताना तोच एक आधार होता मला.

आणि आता बाबा त्या बाकावर बसले होते. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. पुढच्या रांगांना ताट फिरून झालं होतं. आमच्याकडे सगळ्यांच्या हाती तुकडा आला की पाळक, म्हणजे आमचे पाद्री, “घ्या” म्हणतात आणि मग सगळे एकदम खातात.

पाळक तसे नवखे, बाबांना टरकून असायचे. ताट घेऊन ते शेवटून दुसऱ्या रांगेशी उभे राहिले. “पंचसाहेब, बरं वाटत नाही का? पाणी आणू?”

“पाणी नको,” बाबा उभे राहिले. “मी खोटी साक्ष दिली आहे. बायको मरत होती. तिनं विचारलं, धाकटी ताटाशी आली का. मी म्हटलं, आली. माझ्या हातानं दिलं, म्हटलं. ती हसली, आणि त्याच भरवशावर मेली.”

कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. म्हणजे प्रार्थना नव्हतीच? ज्या माणसानं मला आयुष्यात एकदासुद्धा ‘बाबा घरी नाहीत’ असं दारावरच्या माणसाला सांगू दिलं नाही, तो माझ्या मरत्या आईशी धडधडीत खोटं बोलला? संताप आला मला. आणि त्या संतापाखाली भीती. हा माणूस पडू शकतो, तर मग उभं कोण आहे?

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

पाळक चाचरत म्हणाले, “कबुली दिलीत, झालं. उठा आता, पुढे या.”

“कोण उठवणार?” बाबांनी विचारलं. “उठवायचा अधिकार ज्येष्ठ पंचाचा.”

“ते तर तुम्हीच.”

“म्हणून तर विचारतोय.”

इतर वेळी मी हसले असते. नियम बाबांचा, बाक बाबांचा, आणि बाहेर काढणारा माणूसच आत जाऊन बसलेला. पण ते चेष्टा करत नव्हते. ते बाकावर बसले, मागे टेकायला गेले, आणि तिथं काही नाही हे आठवून दचकले. आपलं तारण गेलं, आता उद्धार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझ्या बापाला नरकाची भीती वाटत होती.

मग धाकटी उठली. पाळकांसमोर जाऊन तिनं तळहात पुढे केला.

पाळकांनी सवयीनं बाबांकडे पाहिलं. बाबांची मान खाली. पाळकांनी तिच्या हातावर तुकडा ठेवला. मी पुढून जवळजवळ ओरडलेच, “अगं, कबुली?” माझं कुणी ऐकलं नाही.

धाकटी बाकावर परत गेली. तुकड्याचे दोन केले. अर्धा तोंडात घातला, अर्धा बाबांपुढे धरला. ‘घ्या’ म्हणायची वाटसुद्धा पाहिली नाही.

“तुला कुणी परवानगी दिली?” बाबांनी विचारलं.

“ज्यानं जेवायला बोलावलंय त्यानं. तुम्ही दार अडवून उभे होतात, बाबा. आज बाजूला झालात.”

“मी लायक नाही.”

“माहितीय. लायक असतात तर याची गरज काय होती?”

“आईला मी...”

“मी आता ताटाशी आलेय. आईला सांगितलंत ते उशिरा का होईना, झालं.”

“म्हणून ते खरं ठरत नाही,” बाबा म्हणाले. त्या अवस्थेतही आज्ञेला पक्के.

“नाही ठरत. खोटंच होतं ते. आईशी खोटं बोललात, आणि तेसुद्धा माझ्यावरून,” धाकटी आता रडत होती, रागानंही रडत होती. “याचा मला किती राग आलाय ते घरी सांगेन. पण हे घ्या. हात काढा खिशातून.”

बाबांनी हात काढला. चाळीस किलोची फळी एका हातानं पेलणारा तो पंजा, इवलासा तुकडा धरता येईना त्याला. शेवटी धाकटीनंच त्यांच्या तोंडात भरवला. बाबांनी तो चावला, आणि भर चर्चमध्ये हंबरडा फोडला. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

पाळक ताट धरून तसेच उभे. “घ्या” म्हणायचं ते विसरूनच गेले होते. सगळी मंडळी हातात तुकडा धरून बसलेली.

मी माझी मूठ उघडली. माझ्याच हातची भाकर, घामानं ओली झालेली. इतकी वर्षं मी ती माझ्या हक्काची म्हणून खात आले होते. चांगल्या मुलीला मिळायचीच. त्या क्षणी कळलं, मागच्या बाकावर त्या दोघांना मिळाली तशीच मलाही ही फुकटच मिळत होती. खरं सांगते, आनंद नाही झाला. अपमान झाल्यासारखं वाटलं, रडू आलं.

मग मी उठले, मागे गेले आणि धाकटीला म्हटलं, “सरक जरा.”