काशिरामदादाच्या डोक्यातली उघाडी

"जन्म पान्यात काढला, नि आता त्यांचे व्हट वले करायला पन देत नाय," जनीवहिनी माझ्या कानाशी कुरकुरली. पनवेलच्या त्या इस्पितळातल्या अरुंद बाकावर आम्ही नणंद-भावजय इतक्या चिकटून बसलो होतो, की तिची कुरकुर मला कानापेक्षा खांद्यात जास्त ऐकू आली.

काशिरामदादा, माझा भाऊ, गव्हाणला खाडीच्या बांधावरची उघाडी साफ करताना शेवाळावरून घसरला. लाकडी दार असतं ते. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही; ओहोटीला उघडं, म्हणजे शेतात साचलेलं पाणी निघून जातं. त्याच दारावर डोकं आपटलं. तेव्हापासून मेंदूला सूज आणि डोळे मिटलेले.

त्याची लेक किशोरी खारघरला याच सुजेवर संशोधन करते. त्यामुळे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं, की किशोरी आहे ना, मग काळजी नाही. भेटायला येणारे तिलाच विचारत, "कवा उठवतेस गो बापाला?" ती नुसती हसायची. डॉक्टर मात्र तिच्याशी बोलताना उगाच चष्मा पुसत. ते मी पाहिलं होतं.

"परत सांग ते दारांचं," वहिनी लेकीला म्हणाली.

किशोरी समोर उकिडवी बसली. "मेंदूच्या पेशींना पाण्यासाठी बारीक दारं असतात, आई. काही पेशीच्या पोटात ठेवलेली असतात. मार लागला की आत निरोप फिरतो, दारं कडेला आणा. दारं वाढली की पाणी घुसतं, पेशी फुगते."

"मंग निरोपच आडवायचा."

"तेच करून बघतो आम्ही. उंदरांमध्ये."

"उतरते सूज?"

"कधी कधी. पण साचलेलं पाणी बाहेर जातं तेही त्याच दारांनी. नको तेव्हा बंद केली तर..."

"तर भात कुजतो," वहिनी म्हणाली. मग तिने किशोरीचा हात हातात घेऊन चोळला. "तू येल-वखत बघून कर. तुला कलतंय. तुजाच बाप हाय ना?"

किशोरीने माझ्याकडे पाहिलं. मी, मोठी शहाणी, पदराचा सुटलेला दोरा ओढत बसले.

तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. कॉलेजात गेल्यापासून सोडून दिलेल्या बोलीत म्हणाली,

"आये, माज्याकडं बाबासाठी औषद नाय गो."