अकरा ग्रॅम

सव्वा किलोचं बाळ. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायला हवी होती, ती मिटलीच नव्हती. तिला उघडं ठेवणारं द्रव्य औषधाने कमी करत होते. पण तेच द्रव्य मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतं, असं डॉक्टरांनी काल समजावलं आणि बाळाच्या आईचा जीव टांगणीला लागला. बाळाला शू झाली, तरच दुसरा डोस मिळणार होता.

"सकाळपासून थेंब नाही," दुपारी तक्ता बघत डॉक्टर म्हणाले. "डोस थांबवू या."

"अहो, डायपर ओला होता की! दहाला मीच बदलला."

सिस्टरने कमरेवर हात ठेवले. "आणि वजन?"

डायपर आधी तोलायचा, मगच टाकायचा, एवढा एकच नियम होता. पण पिल्लू गारठेल म्हणून तिने घाईघाईने बदलून तो टाकून दिला होता.

"काय बाई तुम्ही! बाळाचे श्वास मोजत बसता, आणि मोजायचं तेच राहिलं?"

सिस्टरने हातमोजे चढवले. पाळण्याखालच्या डब्यात तो डायपर एकटाच होता, घट्ट गुंडाळलेला. काट्यावर, कोरड्या डायपरचं वजन वजा जाता, अकरा ग्रॅम शू भरली.

"छान! द्या डोस," डॉक्टर म्हणाले.

ती खुर्चीत टेकली. दोन मिनिटांत पुन्हा उठली, आणि बाळाचा नवा डायपर ओला झाला का ते चाचपायला निघालेला आपलाच हात तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.